गावरान फर्निचर

सध्या 'रस्टिक' नावाची एक फॅशन आहे. पाचगणी-महाबळेश्वरच्या रस्त्याला लागा किंवा साताऱ्याहून कासकडे जा, प्रत्येक दुसऱ्या रिसॉर्टमध्ये ती दिसते. सालीसकट ओंडक्याचं टेबल, वेड्यावाकड्या फांद्यांचा कठडा, भिंतीवर टांगलेलं बैलगाडीचं चाक आणि शेजारी सेल्फी काढणारी मंडळी. 'रस्टिक' म्हणजे आपल्या भाषेत गावरान. गावरान अंडी, गावरान तूप, तसं गावरान फर्निचर. गंमत अशी की ज्या गावाच्या नावाने हे विकलं जातं, त्या गावात आता प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि सनमायका लावलेला दिवाण असतो. चाक भिंतीवर गेलं, गाडी टायरवर आली आणि चाक बनवणारा माणूस खिडक्यांना ॲल्युमिनियमचे चॅनेल बसवायला लागला.

मला या फॅशनचा राग येत नाही. उलट मला ती आवडते. माझं म्हणणं एवढंच आहे की हे फर्निचर विकत आणायची गोष्टच नाही. ते घरी बनवायची गोष्ट आहे आणि ते बनवायला आपल्याइतकी सोयीची जागा दुसरी नाही. वर्कशॉप आपल्याकडे आहे, स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सचं पुस्तक आपल्याकडे आहे, आणि लाकूड तर दर वळवाच्या पावसात कॅम्पसवर आपोआप पडतं. नाही ते फक्त एकच, लाकडाची ओळख. ती सुताराकडे आहे.

(कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मुलगी मराठी विभागात सुतारकामावर लिहिते म्हटल्यावर संपादक मंडळाच्या भुवया वर गेल्या होत्या. खरं सांगते, मला 'लॉग', 'प्लँक', 'बीम' हे शब्द आधी आले आणि ओंडका, फळी, तुळई, वासा, पाचर, कुसू हे नंतर. पण नंतर आलेलेच जास्त टिकलेत.)

फर्स्ट इयरला आपण सगळ्यांनी कारपेंट्रीचा जॉब केला. आठवतोय? ठरावीक मापाचे, चारी बाजूंनी सरळ कापलेले दोन तुकडे हातात मिळाले, त्याचा हाफ लॅप जॉइंट केला, जर्नलमध्ये आकृती काढली, सबमिशन झालं. त्या तुकड्याला कधीकाळी साल होती, तो झाडाच्या कुठल्या भागातला, त्याच्या रेषा कुठून कुठे जातात, हे कुणी विचारलं नाही आणि आपणही विचारलं नाही. आपल्या डोक्यात लाकूड म्हणजे एक आयताकृती मटेरियल. स्टीलसारखंच, फक्त हलकं.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात आहे. तिथल्या सुतारमामांना हे सांगितलं तेव्हा ते हसले. त्यांच्या तरुणपणी ते लाकडी नांगर करायचे. नांगराला लागतं बाभळीचं लाकूड, आणि तेसुद्धा आधीच वाकलेलं. म्हणजे मामा रानात जाऊन जिथे खोडाला फांदी फुटते तिथला नेमका कोन बघायचे. का? कारण सरळ लाकूड कापून त्याला बाक दिला तर बाकाच्या जागी रेषा तुटतात आणि पहिल्याच दगडाला नांगर तिथे मोडतो. झाडानेच वाकवलेल्या लाकडात रेषाही बाकाबरोबर वळलेल्या असतात, त्यामुळे सगळी ताकद शाबूत राहते. आपण फोर्जिंगमध्ये ग्रेन फ्लो शिकतो ना, की फोर्ज केलेला हुक कापून काढलेल्या हुकापेक्षा का भारी? अगदी तेच. फरक इतकाच की मामांनी आकृती काढली नाही आणि त्यांना कुणी मार्क दिले नाहीत.

या विद्येला पहिला धक्का याच भागात बसला, हेही सांगायला हवं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलच्या माळावर, औंध संस्थानाने दिलेल्या जागेवर किर्लोस्करवाडी उभी केली आणि लोखंडी नांगर काढले. लोखंडाने जमीन नासेल म्हणून शेतकरी सुरुवातीला हात लावायला तयार नव्हते. पुढे काय झालं ते आपण जाणतोच. लोखंडी नांगर खोल जातो, टिकतो, त्याचे भाग बदलता येतात. तो चांगलाच होता आणि मला लाकडी नांगर परत आणायचा नाहीये. पण नांगराबरोबर झाड वाचायची नजर गेली. ती नजर नांगराशिवायही कामाची होती, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

ही नजर जिवंत आहे अशी एक जागा सांगलीपासून हाकेच्या अंतरावर आहे. मिरजेची सतारमेकर गल्ली. शिकलगार म्हणजे तलवारी, भाले घडवणारी आणि त्यांना धार लावणारी मंडळी. संस्थानी लढाया संपल्या, हत्यारांची मागणी गेली, तेव्हा एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब सतारमेकरांनी तंतुवाद्यं बनवायला सुरुवात केली. आज त्यांच्या पुढच्या पिढ्या तेच करतायत. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतात पिकतो. तो साच्यात घालून एकसारखा करता येत नाही. प्रत्येक भोपळ्याचा घेर वेगळा, जाडी वेगळी. कारागीर भोपळा निवडतो, वाळवतो आणि मग त्याच्या अंगाने तुणीच्या लाकडाचा गळा, दांडी, तबली बसवतो. मटेरियल आधी आणि डिझाइन नंतर. आपल्याला शिकवतात त्याच्या बरोबर उलटं. हॉस्टेलवरून एका रविवारी मिरजेला जाऊन हे बघून या, कुठल्याही इंडस्ट्रियल व्हिजिटपेक्षा जास्त समजेल आणि रिपोर्टही लिहावा लागणार नाही.

आता मुद्द्याचं. ओंडक्याचं बाक करायचं तर काय लागतं?

पहिलं म्हणजे धीर. ताज्या तोडलेल्या लाकडात इतकं पाणी असतं की काही जातींत पाण्याचं वजन कोरड्या लाकडापेक्षाही जास्त भरतं. (म्हणून मॉइश्चर १०० टक्क्यांच्या वर जाऊ शकतं. भागाकार कोरड्या वजनाने करतात, व्हायवाला विचारतील.) आपल्याकडच्या हवेत ते साधारण १० ते १५ टक्क्यांवर आलं पाहिजे. सुमारे ३० टक्क्यांपर्यंत खाली येताना लाकूड आकसत नाही, कारण तोवर पेशींच्या पोकळीतलं पाणी जात असतं. त्याच्या खाली गेलं की पेशींच्या भिंती आकसायला लागतात आणि खरी भानगड सुरू होते. लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही. गाभ्यापासून सालीकडे थोडं आकसतं आणि घेराच्या दिशेने त्याच्या साधारण दुप्पट. ढोबळमानाने ४ आणि ८ टक्के धरा. १५ सेंटिमीटर व्यासाच्या ओंडक्याचा घेर ४७ सेंटिमीटर. त्रिज्येच्या हिशोबाने तो ४ टक्के कमी व्हायला हवा, पण प्रत्यक्षात ८ टक्के कमी होऊ पाहतो. मधले ४ टक्के, म्हणजे जवळजवळ २ सेंटिमीटर, कुठून आणणार? तेवढी चीर पडते. अख्ख्या गोल ओंडक्याला चीर पडतेच पडते, त्यात कुणाचा दोष नसतो. ज्या रिसॉर्टवाल्याने 'क्रॅक फ्री' म्हणून गोल ओंडक्याची स्टुलं घेतली असतील त्याला माझा नमस्कार सांगा.

यावर उपाय सोपा आहे. ओंडका पाचरी ठोकून उभा फोडायचा, गाभ्यातून दोन फाकळ्या करायच्या. अर्धगोलाला आकसायला मोकळीक मिळते. आणि गोलच ठेवायचा असेल तर जी बाजू दिसणार नाही तिथे करवतीने गाभ्यापर्यंत एक उभी खाच घ्यायची, म्हणजे चीर आपण सांगू तिथे पडते.

दुसरं, दोन्ही टोकं बंद करायची. लाकडातल्या नळ्या लांबीच्या दिशेने असतात, त्यामुळे टोकांतून पाणी अंगापेक्षा कितीतरी पटींनी लवकर जातं आणि टोकं आधी तडकतात. मेण लावा, जुना ऑइल पेंट लावा, गावाकडे शेण लिंपतात तेही चालतं. मग सावलीत, जमिनीपासून वर, मध्ये पट्ट्या घालून रचून ठेवायचं. इंचाला एक वर्ष असा जुना हिशोब आहे. एवढं कोण थांबणार, असं मीही मामांना विचारलं. ते म्हणाले, "आधी वाळू दे. मग बघू काय व्हतंय त्याचं." किराणा दुकानाच्या काट्यावर महिन्यातून एकदा वजन करा आणि आलेख काढा. रेषा आडवी झाली की लाकूड तयार. आमच्या बांधावरच्या पडलेल्या बाभळीचा असा आलेख मी काढलाय, माझ्या कॉलेज लाइफमधला हा एकमेव आलेख जो मी कुणाच्या फाइलमधून उतरवलेला नाही.

तिसरं, साल काढायची. सालीसकट ओंडका फोटोत छान दिसतो, पण भुंगेरे सालीखालीच अंडी घालतात आणि वर्षभरात खाली पिठासारखा भुसा पडायला लागतो. सालीलगतचं पांढरं लाकूड किडीला गोड लागतं, गाभ्याचं गडद लाकूड नाही. जुने सुतार बाभळीचे ओंडके विहिरीत किंवा नदीच्या पाण्यात काही महिने बुडवून ठेवायचे. त्याने लाकडातला रस धुतला जातो आणि कीड कमी लागते. हॉस्टेलवर विहीर नाही, तेव्हा बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्याचा हात चालेल.

ताकदीची काळजी करू नका. मी गणित करून बघितलं. ३० सेंटिमीटर व्यासाचा अर्धा ओंडका, मधलं अंतर १२० सेंटिमीटर, बरोबर मध्यावर तीन जण मिळून २१० किलो. सेक्शन मॉड्युलस साधारण ६४० घन सेंटिमीटर येतो आणि ताण १० किलो प्रति चौरस सेंटिमीटरच्या आसपास. बाभळीसारखं टणक लाकूड याच्या दहापट तरी आरामात पेलतं. म्हणजे मेसमधून जेवून आलेली अख्खी मेकॅनिकलची टीम बसली तरी बाक मोडणार नाही. मोडतात ते पाय, म्हणजे सांधे. पाय थोडे फाकवून बसवायचे, कुसू भोकातून आरपार काढून वरून पाचर ठोकायची. पाचर लाकडाच्या रेषांना आडवी ठोकायची, नाहीतर फळी तिथेच उकलते. आणि मामांनी सांगितलेली एक गोष्ट मला फार आवडली: पायाचं लाकूड कडकडीत वाळलेलं घ्यायचं आणि बैठकीचं किंचित ओलसर. बैठक वाळताना भोक पायाला आवळून धरतं. ना खिळा, ना फेव्हिकॉल. इंटरफरन्स फिट म्हणतात याला, मशीन डिझाइन चॅप्टर कुठला ते तुम्हीच शोधा.

शेवटी जवसाचं उकळलेलं तेल. दोन-तीन हात, प्रत्येक वेळी नीट पुसून. फक्त त्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतं, उष्णता बाहेर पडते आणि चुरगाळलेलं फडकं आपणहून पेट घेऊ शकतं. दोरीवर पसरून वाळवा. रेक्टर सरांनी हे वाक्य खास वाचावं.

आता सगळ्यात मोठा आक्षेप. "म्हणजे तू झाडं तोडायला लावणार?" एनएसएसच्या मैत्रिणीने हा प्रश्न विचारला आणि तो रास्त आहे. फॅशन वाढली की कुणीतरी उभ्या झाडाला कुऱ्हाड लावणारच. माझं उत्तर असं की उभं झाड हा आपला विषयच नाही. स्वतःच्या रानातलं असलं तरी साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ अशा ठरावीक जाती तोडायला १९६४ च्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते, आणि शहरात तर १९७५ चा वेगळा वृक्ष कायदा आहे. ते असायलाच हवेत. याच सांगली जिल्ह्यात धों. म. मोहिते यांच्यासारख्या माणसाने लोकांना बरोबर घेऊन सागरेश्वरच्या उघड्या डोंगरावर जंगल उभं केलं, १९८५ मध्ये ते अभयारण्य झालं. तिथली काटकीसुद्धा उचलायची गरज नाही.

पण जी झाडं पडतात त्यांचं काय? मिरज तालुक्यात भोसे गावाजवळ रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या वाटेत एक प्रचंड वड आला होता. लोक त्याला चारशे वर्षांचा म्हणायचे. २०२० मध्ये गावकरी आणि पर्यावरणवाले त्याच्यासाठी उभे राहिले, गोष्ट मंत्र्यांपर्यंत गेली आणि वड वाचला. २०२२ साली पावसात तोच वड कोसळला. झाडं पडतात, वाळतात, रस्त्यात येतात. त्यानंतर बहुतेकांचं नशीब एकच असतं, वजनकाट्यावर टनाच्या भावाने जळण. वडाचं लाकूड फर्निचरला फारसं कामाचं नाही हे खरं. पण पारंब्यांचं लाकूड खोडापेक्षा चिवट असतं, पूर्वी तंबूचे खांब आणि गाडीचं जू त्याचं करायचे. बाभूळ, शिरीष, कडुनिंब, करंज यांचे ओंडकेही असेच वीटभट्टीला जातात तेव्हा मात्र मला वाईट वाटतं. कोरड्या लाकडात साधारण निम्मा कार्बन असतो. १०० किलोचं बाक म्हणजे ५० किलो कार्बन, जाळला तर सुमारे १८० किलो कार्बन डायऑक्साइड. बाक तीस वर्षं टिकलं तर तेवढा गॅस तीस वर्षं त्यात बसून राहतो. पर्यावरण दिनाला पोस्टर लावण्यापेक्षा हे बरं नाही का?

दुसरा आक्षेप स्वस्ताईचा. प्लायवूड आणि पार्टिकल बोर्ड स्वस्त, पटकन मिळतं, दिसायला गुळगुळीत. मान्य. पण सांगलीत राहून हे बोलणाऱ्यांनी ऑगस्ट २०१९ आठवावा. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती, आणि धोक्याची पातळी आहे ४५. माझ्या रूममेटच्या घरात पाणी आठवडाभर होतं. पाणी ओसरल्यावर त्यांनी काय काय फेकलं याची यादी ती अजून सांगते. टीव्हीचं युनिट, दोन कपाटं, कॉम्प्युटर टेबल, सगळं फुगून पापडासारखं सुटलेलं. साध्या बोर्डातला डिंक पाण्यात टिकत नाही. पाण्यात टिकणारं प्लायवूड आयएस ७१० चं, ते महाग असतं आणि घरोघरी नसतं. वाचलं काय, तर आजीचा लाकडी पाट, चौरंग आणि एक जुनं बाक. चिखल धुतला, सावलीत वाळवलं, पुन्हा वापरात. २०२१ ला परत पूर आला तेव्हा त्यांनी ते बाक वर नेलंसुद्धा नाही. जिथे नदी घरात येते तिथे स्वस्त फर्निचर दर पुराला नव्याने विकत घ्यावं लागतं. हा हिशोब कुणी मांडत नाही.

आणि हॉस्टेलचं फर्निचर नेहमी असंच लोखंडी, करकरणारं असतं असंही नाही. पुद्दुचेरीला अरविंद आश्रमाची गोलकोंड नावाची इमारत आहे, म्हणजे राहण्याचं वसतिगृहच. अँटोनिन रेमंडची ती रचना, आणि १९३० च्या दशकात साइटवर काम बघायला होता जॉर्ज नाकाशिमा नावाचा तरुण आर्किटेक्ट. तिथल्या खोल्यांसाठी त्याने साधं सागवानी फर्निचर केलं. पुढे अमेरिकेत जाऊन हाच नाकाशिमा ओंडक्याच्या नैसर्गिक कडा तशाच ठेवलेल्या टेबलांसाठी जगप्रसिद्ध झाला. चीर लपवायच्या ऐवजी तो तिच्यावर फुलपाखराच्या आकाराची लाकडी कळ बसवायचा. आज जी 'रस्टिक' टेबलं आपण बघतो त्यांचा एक पूर्वज आपल्याच देशात एका हॉस्टेलच्या साइटवर घडलाय.

तर माझी सूचना अगदी छोटी आहे. गेल्या मे महिन्याच्या वादळात मेसच्या मागचा शिरीष पडला. बारीक फांद्या गेल्या, पण खोडाचे तीन मोठे तुकडे अजून तिथेच पडलेत आणि पावसाळ्याआधी ते जळणात जातील. त्यातले दोन वर्कशॉपच्या शेडमध्ये हलवायची परवानगी मिळावी. ट्रॉली आणि माणसं आमची, टोकांना लावायचा पेंट आमचा. शिरीषाचं लाकूड गाभ्याला गडद तपकिरी असतं, रंध्याखाली सुंदर दिसतं. फक्त कापताना त्याच्या भुशाने शिंका येतात, तेव्हा तोंडाला रुमाल हवा. एखाद्या सुतारमामांना दोन शनिवार बोलवावं आणि त्यांना गेस्ट लेक्चररइतकंच मानधन द्यावं, चहा-बिस्किटांवर बोळवण नको. आत्ता फाकळ्या करून ठेवल्या तर पुढच्या वर्षी गॅदरिंगच्या सुमारास तीन-साडेतीन इंची फळ्या कामाला घेण्याइतक्या तरी होतील. पूर्ण वाळायला अजून वेळ लागेल. तेव्हा आम्ही फायनल इयरला असू आणि बाक जिमखान्यासमोर ठेवायचं की लेडीज हॉस्टेलच्या दारात, यावर भांडण नक्की होणार. माझं मत लेडीज हॉस्टेलच्या बाजूने आहे.